अर्ध्या चावीचं गाणं

आईला कुकरची शिट्टी ऐकू येईनाशी झाली, तेव्हा आम्हाला पहिल्यांदा संशय आला. आम्हाला म्हणजे मला. साळवी स्टॉपच्या ब्लॉकमध्ये आम्ही दोघीच असतो. वरण करपलं, दूधवाला बेल वाजवून वाजवून परत गेला, आणि ही बाई आतल्या खोलीत निवांत चिंचा फोडत बसलेली. पण खालच्या रस्त्यावरून बंदराकडे जाणारा डंपर गेला की मान वर करून सांगायची, "गेला बग जयगडचा." मला वाटलं, नाटक करतेय. नव्वदी ओलांडलेल्या माणसाला सोयीचं तेवढंच ऐकायची मुभा असते आणि आई ती पुरेपूर वापरते.

कानाच्या डॉक्टरांनी तिला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर टोपणं चढवली आणि आवाज आला की बोट वर करायला सांगितलं. सुरुवातीच्या आवाजांना बोट वर झालं, मग ते मांडीवर पडून राहिलं. डॉक्टर म्हणाले, "वयाने बारीक आवाज आधी जातात. जाडे मागे राहतात. तेही जातील, पण सावकाश." त्यांनी कानात घालायचं यंत्र दिलं. ते घातलं की आईला सगळं ऐकू येतं आणि काहीच कळत नाही. "कानात भुंगा शिरल्यासारका वाटतो," असं म्हणून तिने ते पावडरच्या रिकाम्या डब्यात ठेवून दिलंय.

रिक्षात बसल्यावर तिने विचारलं, "काय बोल्ला तो?"

मी सांगितलं. रिक्षावाल्यालाही सगळं कळलं, इतक्या मोठ्याने सांगितलं. मारुती मंदिर आलं तेव्हा म्हणाली, "मंग जायच्या आदी मला ता गानं ऐकव."

"कुठलं गं?"

"तुज्या बाबांच्या पेटीवरचं. एकदा नीट ऐकतंय. मंग गेले कान तर जाऊ देत."

मी जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. ट्रंक कॉलच्या काळात पलीकडचा माणूस नुसता "हॅलो" म्हणाला, तरी तो पगार झाल्यावर बोलतोय की व्हायच्या आधी, हे मला कळायचं. आवाज ओळखण्यावर मी पेन्शन घेते. तेव्हा एक जुनं गाणं शोधायचं म्हणजे चुटकीसरशी काम, असं मला वाटलं. मी आईला म्हटलं, "घरी गेल्यावर तू चहा टाक. उकळी येईपर्यंत तुझं गाणं लावते."

ते गाणं सापडेपर्यंत आंब्याला मोहोर आला.

बाबा मुंबईला गोदीत होते. जयगडकडच्या आमच्या गावातले निम्मे पुरुष गोदीत आणि निम्मे गिरणीत. गावात उरायचे ते म्हातारे, पोरं आणि बायका. लग्न झालं त्या सुमाराला बाबांनी मुंबईत कुणाकडून तरी एक वापरलेला ग्रामोफोन घेतला, चावी फिरवून वाजणारा. ग्रामोफोन हा शब्द आमच्या बौद्धवाडीत कुणी वापरला नाही. पेटी म्हणजे पेटी. ती बोटीने जयगडला आली, बोटीतून लहान पडावात, पडावातून धक्क्यावर आणि तिथून कुणाच्या तरी डोक्यावर बसून वाडीत. बरोबर चार-पाच तबकड्या होत्या. त्यातली एक चाळीसच्या दशकातल्या एका बोलपटातल्या प्रेमगीताची.

त्या गाण्यात एक बाई कुणाची तरी वाट बघत असते. तो आला म्हणजे त्याला काय काय ऐकवायचं, ते तो यायच्या आधीच सगळं बोलून टाकते. असलं गाणं आमच्या घरात यावं याची मला लहानपणापासून गंमत वाटत आली आहे. बाबा मे महिन्यात आणि शिमग्याला यायचे. आल्यावर चारचौघांत आईशी त्यांचं बोलणं म्हणजे "पाणी दे" आणि "टॉवेल खंय?" एवढंच. आई त्यांना "अवो" म्हणायची, तेही भिंतीकडे बघून. पुढे दीक्षेनंतर त्याच पेटीवर जयंतीची गाणी वाजली, मुंबईहून नव्या तबकड्या येत गेल्या, पण ही एक तबकडी ट्रंकेच्या तळाशी लुगड्याच्या घडीत वेगळी राहिली. घरात कुणी नसलं की आई ती काढायची. आम्ही पोरं म्हणजे तिच्या हिशेबी कुणी नसण्यातच जमा.

गावात दुसरी पेटी वरच्या आळीत होती. तिच्यावर हेच गाणं वाजायचं, पण पुरुषाच्या आवाजात. आमचं खरं की त्यांचं, यावरून पोरापोरांत शाळेच्या वाटेवर दगडफेक व्हायची तेवढी बाकी होती. वरच्या आळीतली पोरं म्हणायची, "तुमच्या बायला पडसं झालंय." आम्ही म्हणायचो, "तुमच्या बायला मिशा आयल्यात." त्यांच्या चिडवण्यात काही अर्थ असेल असं मला तेव्हा कधी वाटलं नाही.

ती तबकडी घराची कौलं उतरवताना फुटली. एक कौल नेमकं तिच्यावर पडलं. पेटी भावाने पुढे गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याला शोभेसाठी देऊन टाकली. मी मुद्दाम जाऊन बघून आले. गल्ल्याशेजारी झाकण उघडून ठेवली होती, आत प्लास्टिकची फुलं, आणि चावी गायब. मी मालकाला म्हटलं, ही आमची. तो म्हणाला, "हो का? फोटो काढायचाय?" मला इतका राग आला की चहा अर्धा टाकून उठले.

तर त्या दिवशी चहाला उकळी यायच्या आत गाणं फोनमध्ये खरंच सापडलं. पहिली ओळ मला पाठ होती. मी आईच्या कानात भुंगा बसवला, फोन तिच्यासमोर धरला आणि विजयी मुद्रेने उभी राहिले.

आईने थोडं ऐकलं आणि मान हलवली. "ह्ये नाय."

"अगं, शब्द तेच आहेत. चाल तीच."

"शब्द तेच गो. बाय दुसरी. ही उंदरागत चिरकते."

"मग तुझी कशी होती?"

"आमची बाय जाड आवाजाची. खालून सुरू करायची. अगदी जवळ बसून बोलल्यासारकी. आनि मधीच उठायची."

"उठायची म्हणजे?"

आईने तळहात मांडीवर ठेवला आणि तो हळूहळू कपाळापर्यंत नेला. मग हात खाली घेतला आणि चहा प्यायला लागली. मला एवढाच पुरावा मिळाला.

आता मात्र माझं कुतूहल चाळवलं. मी फोनमध्ये आणखी शोधलं. तेच गाणं, तेच शब्द आणि एक नाही, तर कितीतरी आवाज. एका ठिकाणी, थेट बोलपटातून उचललेलं असावं, मधेच घोड्याच्या टापा आणि कुणाचं तरी खोकणं. एका ठिकाणी पुरुष, तो आमच्या वरच्या आळीतला असणार. एक नव्या काळातलं, ढोलकी आणि कीबोर्ड घालून सजवलेलं, नवरीच्या मेंदीला वाजवतात तसलं. मी एकेक आईला ऐकवत गेले आणि आई एकेक नापास करत गेली. एका बाईचा आवाज मला बराच जाड वाटला म्हणून मी फार आशेने फोन पुढे केला. आई म्हणाली, "जाड हाय. पन ही उठत नाय. बसून ऱ्हाते."

एकाच गाण्याच्या इतक्या बायका का, हे मला कळेना. तेव्हा एक्स्चेंजमधल्या एका जुन्या मैत्रिणीने इथल्या शहरातल्याच खालच्या आळीतल्या एका गृहस्थांचा पत्ता दिला. बँकेतून निवृत्त झालेले, घरात हजारभर तबकड्या, बायको माहेरी गेली की स्वयंपाकघरातही तबकड्या. मी त्यांना साहेब म्हणायचे, कारण ते पहिल्या दिवसापासून समोर बसवून कर्जाची चौकशी केल्यासारखे प्रश्न विचारायचे.

"तुम्हाला मूळ हवंय की व्हर्शन?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"मला आईचं हवंय," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग सांगायला लागले, आणि सांगायला लागले की ते थांबत नाहीत. त्या काळात पडद्यावर जी गायची तिचाच आवाज तबकडीवर असेल असं नव्हतं. नटी एका तबकडी कंपनीशी बांधलेली आणि बोलपटाचा करार दुसऱ्या कंपनीशी, मग तबकडीसाठी तेच गाणं तिसऱ्याच बाईकडून म्हणवून घ्यायचे. लोक थेटरात एक आवाज ऐकायचे आणि घरी दुसरा. त्यात तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच मावणार, म्हणून बोलपटातलं एखादं कडवं गाळायचे. गाणं चाललंय म्हटलं की आणखी कुणीतरी स्वस्तातली तबकडी काढायचं, बाईचं गाणं बुवाकडून म्हणवून. साहेब हे सगळं इतक्या तळमळीने सांगत होते, जणू त्यांच्याच घरातलं कुणी फसवलं गेलं होतं.

"म्हणजे खरं गाणं कुठलं?" मी विचारलं.

"बोलपटातलं. बाकी सगळ्या नकला."

मी घरी येऊन आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "आमी कुटं बोलपट बगितलाव? आमची बाय पेटीत ऱ्हायची."

मला ते पटलं. ज्यांनी बोलपट पाहिलाच नाही, त्यांच्या गाण्याला नक्कल ठरवणारे हे साहेब कोण? पुढच्या वेळी मी त्यांच्याशी या मुद्द्यावर कडकडून भांडले. ते म्हणाले, मूळ ते मूळ. मी म्हटलं, गावोगाव जे वाजलं ते मूळ. त्यांच्या बायकोने सोलकढी आणून दिली म्हणून भांडण थांबलं. पण एक खरं, माझ्याइतकीच त्यांनाही आता खाज सुटली होती. खालून सुरू होणारी आणि मधेच उठणारी अशी एक बाई कुठल्या तरी तबकडीवर आहे आणि ती आपल्याकडे नाही, हे त्यांना सहन होत नव्हतं. मुंबई, सांगली, कुठकुठल्या मित्रांना त्यांनी फोन लावले. कुणीतरी फोनवर तिसऱ्या एका बाईचं गाणं ऐकवलं, कुणी चौथ्या. उठणारी कुणीच नव्हती.

इकडे आईचे जाडे आवाजही जायला लागले. एके दिवशी डंपर गेला आणि तिने मान वर केली नाही. मी चिंच निवडत तिच्यासमोरच बसले होते. फरशी थरथरली, आईचा हात फरशीवर टेकलेला होता, तिने हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "गेला वाटतं." मला भीती वाटली. ही बाई मरणाचं बोलत नाही, देवाधर्माचं नाही, पैशाचं नाही. सबंध म्हातारपणात तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती आणि ती माझ्या हातून निसटत चालली होती.

मग एक दिवस साहेबांचा फोन आला. त्यांना आमच्या वाडीतल्यासारखीच तबकडी मिळाली होती, म्हणजे जी मी पहिल्याच दिवशी फोनवर ऐकवली होती आणि आईने उंदीर म्हणून हाकलली होती, तिचीच खरी तबकडी. लेबलाचा रंग मी सांगितला होता तसाच, हिरवा. "हीच असणार तुमची," ते म्हणाले. मला काही फार उत्साह नव्हता, पण गेले.

त्यांच्याकडची चावीची पेटीही जुनीच. वंगण सुकलंय, पूर्ण चावी भरली तरच नीट चालते, असं ते नेहमी म्हणायचे. त्या दिवशी त्यांचा खांदा आखडला होता, म्हणून म्हणाले, "ताई, तुम्हीच चावी भरा."

मी उभी राहिले आणि चावी फिरवायला लागले. कितीतरी वर्षांनी हातात तो दांडा आला होता. फिरवत गेले, हाताला जरा जड लागायला लागलं आणि थांबले.

"भरा की अजून," साहेब म्हणाले.

"नको. स्प्रिंग तुटेल."

"कोण म्हणतं?"

"बाबा," मी म्हटलं, आणि माझा हात तसाच दांड्यावर राहिला.

बाबा मुंबईला परत निघताना दर खेपेला सांगायचे. भाकऱ्या बांधून झालेल्या, ट्रंक कुलूप लावून तयार, आणि दारातून वळून म्हणायचे, "पेटीची चावी पुरी भरू नकात. हाताला जड लागली की थांबायचां. स्प्रिंग तुटली तर हितं कोन जोडनार?" बाबा गेले की पुढच्या खेपेपर्यंत आजी, आई, आत्या, पुढे आम्ही भावंडं, सगळ्यांनी चावी जड लागली की हात काढून घ्यायचा. भरल्या घरात कुणी ही आज्ञा मोडली नाही. बाबा वारले त्यानंतरही मोडली नाही. स्प्रिंग आयुष्यात कधी तुटली नाही, आणि आमच्या त्या वापरलेल्या, तशाच सुकलेल्या पेटीवर कुठलंही गाणं कधी पुऱ्या वेगाने वाजलं नाही.

साहेब पुढे येऊन चावी भरणार, तेवढ्यात मी म्हटलं, "थांबा. अशीच लावा."

"अशी? ओढत ओढत चालेल ती. गाण्याचा मुडदा पडेल."

"पडू दे."

त्यांनी नाखुशीने सुई टेकवली. आणि आमची बाई बोलायला लागली. जाड, सावकाश, जवळ बसून सांगितल्यासारखी. आमच्या ओटीवरचा शेणाचा वास आला मला. पहिलं कडवं संपेपर्यंत आवाज आणखी उतरला, दुसऱ्यात तर पुरुषाचाच वाटायला लागला. वरच्या आळीतली पोरं बरोबर होती, आमच्या बाईला खरंच पडसं झालेलं होतं. मी हसायला लागले आणि हसता हसता रडले. साहेब कानावर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "ताई, अहो, याला गाणं म्हणत नाहीत."

"आईला आणते उद्या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आई नवं लुगडं नेसून आली. साहेबांची बायको तिला हाताला धरून आत घेऊन गेली. साहेबांनी "या आजी" म्हणून खुर्ची पेटीला अगदी चिकटवून ठेवली. आईने भुंगा आणलाच नव्हता. तिने पेटीवर हात ठेवला, लाकडावरून एकदा फिरवला, आणि मला म्हणाली, "भर."

मी चावी भरली, हाताला जड लागेपर्यंतच. आईचं माझ्या हाताकडे लक्ष होतं. मी थांबले तेव्हा तिने मान हलवली, बरोबर म्हणून.

गाणं सुरू झालं. आईचा चेहरा मी बघत होते. आधी काही नाही. मग ओठ हलायला लागले. डॉक्टरांच्या काचेच्या खोलीत मांडीवर पडून राहिलेलं ते बोट पेटीच्या कडेवर ठेका धरायला लागलं. तिला ऐकू येत होतं. बारीक आवाज गेले होते, पण ही जाडी बाई तिच्यासाठी मागे राहिली होती. "हां," आई म्हणाली. "ही आमची."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा विरोध मावळला होता. त्यांच्या बायकोने डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, झालं, सापडलं.

पण आई अजून वाट बघत होती. दुसरं कडवं आलं, आवाज उतरत उतरत गेला, शब्द लांबत गेले, आणि शेवटी ती बाई अर्ध्या ओळीतच घरघरून थांबली. आईने हात उचलला नाही.

"उठली नाय," ती म्हणाली.

"आजी, कुठलीच उठत नाही हो," साहेब तिच्या कानाशी जाऊन म्हणाले. "आम्ही सगळ्या ऐकल्या."

आणि तेव्हा मला तो प्रश्न सुचला, जो इतके महिने सुचला नव्हता. मी तिच्यासमोर बसले आणि मोठ्याने विचारलं, "आये, ती दरवेळी उठायची काय?"

"नाय गो," आई म्हणाली. "एकदाच उठलीवती."

साहेब मटकन खुर्चीत बसले. आईला मात्र यात काही विशेष वाटलं नाही. तिने सांगून टाकलं, आम्ही विचारलं असतं तर कधीच सांगितलं असतं अशा थाटात.

लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालेलं. मी पोटातसुद्धा नव्हते. सासू आणि नणंद शेतावर गेलेल्या. घरात कुणी नाही, म्हणून आईने ती तबकडी काढली. बाबा घरी असताना ती कधीच काढायची नाही. नवऱ्यादेखत असलं गाणं लावायचं म्हणजे काय, जीभ चावायची पाळी. तर तिने अर्धी चावी भरली, गाणं लावलं आणि मागल्या दारी भांडी घासायला बसली. दुसऱ्या कडव्याला बाईचा आवाज उतरायला लागला, पण हातांना राख, उठणार कोण? उतरू दे म्हणाली.

"आनि मंग ती उठली," आई म्हणाली. तळहात मांडीवरून कपाळापर्यंत गेला. "घरात कोन नाय, आनि बाय आपली उठतेय, उठतेय. एवडी मोकळी कदी गायली नव्हती. मी भ्याले. राकेच्या हातानी आत आले तर तुजे बाबा. गोदीत संप झालावता, न कळवता बोटीत बसले. खांद्यावर ट्रंक तशीच. उतरवली पन नाय. उबे ऱ्हाऊन चावी भरतायत."

"पुरी?"

"पुरी. आमाला कदी भरू दिली नाय, सोता पुरी भरली."

"मग?"

"मंग काय? पानी दिलं."

"आणि गाणं?"

"ता वाजू दिलं दोगांनी. पुरं."

मी बाबांचा विचार करत होते. स्प्रिंग तुटेल म्हणून जन्मभर सगळ्यांना धाक घालणारा तो माणूस. दारातून आत आला, आपल्या माघारी आपलं घर कुठलं गाणं ऐकतं ते त्याने ऐकलं, आणि बोलायचं काही सुचलं नाही म्हणून चावी भरली. मला माहीत असलेल्या बाबांशी हे जुळत नव्हतं. मला त्यांचा फार हेवा वाटला, की आईचा, सांगता येत नाही.

मी उठले. सुई पुन्हा कडेला नेली. चावी अर्धी भरली. साहेबांना म्हटलं, "आता मी जे करीन ते बघवलं नाही तर तिकडे तोंड करा."

जाडी बाई सुरू झाली. आईने हात पेटीवर ठेवला, बोट ठेका धरायला लागलं. पहिलं कडवं. दुसरं. आवाज उतरायला लागला तशी मी दांडा धरला आणि गाणं चालू असतानाच फिरवायला लागले. साहेब "अहो, चालू असताना—" एवढंच म्हणाले. हाताला जड लागलं. माझा हात सवयीने थांबला. मी तो थांबू दिला नाही. जडच्या पुढे गेले, बाबांनी जिथे कधी जाऊ दिलं नव्हतं तिथे.

आणि ती उठली. शब्द आखडत आले, आवाज तळातून वर आला, पुरुषाचा बाईचा झाला, बाईचा मुलीचा, आणि खोली भरून गेली. मी आईकडे पाहिलं. तिने डोळे मिटले होते.

"आले," ती म्हणाली.

गाणं आता पुऱ्या वेगात होतं, लखलखीत, साहेबांच्या भाषेत मूळच्या जवळ जाणारं. आईचं बोट एकदोनदा चुकलं आणि थांबलं. ती डोळे उघडून पेटीकडे, मग माझ्याकडे बघायला लागली. बाई वर गेली होती, आईला आता ऐकू येत नव्हतं.

"संपलं?" तिने विचारलं.

"नाय," मी तिच्या कानाशी ओरडून सांगितलं. "चालू हाय."

"मंग ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "पुरं वाजू दे."

तिने हात पेटीवरून काढला नाही. मी चावी भरत राहिले.